सोलापूरला मुक्काम आणि रोज एक दिशा : डिसेंबरातले सहा दिवस

दादाचा फोन दिवाळीतच आला होता, की यंदा नाताळच्या सुट्टीत गोवा नको नि महाबळेश्वर नको, पोरांना घेऊन सोलापूरलाच येतो, पण नुसतं घरी बसवून जेवायला घालू नको, फिरव. मला इतका आनंद झाला की मी त्याच दिवशी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. कारण सोलापूरला लोक येतात ते पुढं जायला. अक्कलकोटला जाताना, तुळजापूरला जाताना, पंढरपूरला जाताना मधे स्टेशनवर चहा पितात आणि शेंगाचटणीचा पुडा घेऊन निघतात. इथं चार-सहा दिवस राहून रोज सकाळी एकेका दिशेला गाडी काढली तर काय काय बघून होतं हे मला कितीतरी वर्षं कुणालातरी दाखवायचं होतं.

आम्ही सात जण. आई (ती माझ्याकडेच असते, वय ७४, गुडघे कुरकुरतात पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त), दादा, वहिनी, त्यांचा मोठा आठवीत, धाकटी चौथीत, हे आणि मी. गाडी सात सीटची, गाडी हे चालवणार आणि परतीला दादा.

प्लॅनिंगबद्दल आधी सांगते कारण आमच्या भागात खरा घोळ तिथंच होतो. बाहेरची माणसं मॅपवर किलोमीटर बघून दिवस ठरवतात, आमच्याकडं वार आणि तिथी बघून ठरवावं लागतं. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळायची. अक्कलकोटला गुरुवार टाळायचा. पंढरपूरला एकादशी टाळायची. विजापूरच्या गोल घुमटाचं म्युझियम शुक्रवारी बंद असतं. एवढं कागदावर लिहिलं तर अर्धा प्लॅन आपोआप होतो. त्यात डिसेंबरच्या शेवटी पौष लागलेला असेल तर तुळजापूरला शाकंभरी नवरात्र असतं, आणि त्याच्या आधीचे आठ दिवस देवी मंचकावर निद्रेत असते, म्हणजे सिंहासनावरचे नेहमीचे अभिषेक वगैरे नसतात. ज्यांना अभिषेकच करायचाय त्यांनी हे बघून जावं, नाहीतर एवढ्या लांबून येऊन हिरमोड होतो.

दुसरा नियम मी घातला, दिवस एक दिशा एक. सकाळी दक्षिणेला गेलो तर संध्याकाळी दक्षिणेकडूनच घरी. जाता जाता तेही उरकू असं म्हणून पश्चिमेचं काहीतरी त्यात घुसवायचं नाही. आणि तिसरा, अंधाराच्या आत घरी. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो आणि त्या दिवसांत साखर कारखान्यांचा गाळप हंगाम जोरात असतो, सगळ्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर आलेला, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. दिवसा दिसतात, रात्री अगदी जवळ गेल्यावर दिसतात. कृपा करून हा मुद्दा कुणी हलक्यात घेऊ नका.

दिवस पहिला, शुक्रवार : गावातच

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मंडळी सकाळी उतरली. थंडी चांगली पडलेली, स्टेशनबाहेर रिक्षावाले शेकोटीभोवती. घरी येऊन अंघोळी, पोहे, आणि पोरं झोपलीच. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसांना पहिल्याच दिवशी लांब न्यायचं नाही हे मी आधीच ठरवलेलं, म्हणून शुक्रवार गावासाठी ठेवला.

चार वाजता सिद्धरामेश्वरांचं देऊळ. तळ्याच्या मधोमध देऊळ, पुलावरून आत जायचं, बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी हे तळं लोकांच्या श्रमदानातून खोदलं आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापन केली. ती लिंगं आजही गावात ठिकठिकाणी आहेत, कुणाच्या गल्लीत, कुणाच्या दुकानाच्या मागं. धाकटीला तळ्यातली बदकं आणि पाणकावळे आवडले, मोठ्याला शेजारचा भुईकोट. बहामनी काळातला किल्ला, दुहेरी तटबंदी, आत बाग केलीय. संध्याकाळचं ऊन तटावर पडतं तेव्हा तळ्याच्या बाजूनं बघावं.

मग चार हुतात्म्यांचे पुतळे. मोठ्याला इतिहासात हे अजून आलं नव्हतं म्हणून मी तिथंच उभं राहून सांगितलं. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटलं, काही दिवस इंग्रजांचा अंमलच उरला नाही गावात, मग मार्शल लॉ लागला आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. चार नावं नीट वाचा म्हटलं, एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. गाव असंच आहे आमचं, अजूनही. पूर्व भागात गेलात तर तेलुगू कानावर पडेल, बाजारात कन्नड, आणि मराठी बोलताना आम्ही "काय करूलालाव" म्हणतो ते ऐकून पुण्याची माणसं हसतात, हसू दे.

डॉक्टर कोटणीसांचं घर त्या दिवशी बाहेरूनच बघितलं, उशीर झाला होता. १९१० साली या गावात जन्मलेला मुलगा १९३८ ला डॉक्टरांच्या पथकातून चीनला जातो, जखमी सैनिकांवर उपचार करतो आणि १९४२ ला तिथंच शेवटचा श्वास घेतो. स्मारक आहे तिथं, सकाळी वेळ काढून आत जावं.

रात्री भाकरी, शेंगाचटणी, डाळ-कांदा, दही. शेंगाचटणी उखळात कुटलेली असेल तर तिला तेल सुटतं आणि गोळा होतो, मिक्सरमधली भुकटी होते. वहिनीनं फरक स्वतः चाखून बघितला आणि दोन किलोची ऑर्डर दिली.

दिवस दुसरा, शनिवार : विजापूर

साडेपाचला निघालो. शंभर किलोमीटर, रस्ता आता चौपदरी चांगला, टाकळीला भीमा ओलांडली की कर्नाटक, पाट्या कन्नड होतात. नदीवर धुकं इतकं की हे पाच मिनिटं गाडी अगदी हळू चालवत होते, मागं आई रामरक्षा म्हणत होती. झळकीच्या पुढं सूर्य वर आला आणि दोन्ही बाजूंना तुरीची आणि ज्वारीची रानं दिसायला लागली. थर्मासमधला चहा गाडी बाजूला लावून तिथंच प्यायलो.

एवढ्या पहाटे का, तर गोल घुमट. आठाच्या आत तिथं पोचलंच पाहिजे, आणि हे मी प्रत्येकाला सांगते. डिसेंबर म्हणजे शाळांच्या सहलींचा सीझन, दहा वाजता वीस-पंचवीस बसेस लागतात आणि वरच्या गॅलरीत दोनशे पोरं एकदम ओरडतात, मग त्या घुमटाचं जे खरं वैशिष्ट्य आहे ते कळायचं कसं. आम्ही वर चढलो तेव्हा आमच्याशिवाय दोन माणसं होती. चारी कोपऱ्यांना अष्टकोनी मनोरे, सात मजले, त्यातल्या अरुंद जिन्यानं चढायचं, पायऱ्या उंच उंच, आई खाली बागेतच बसली. वर आलं की आधी बाहेर गच्ची आणि अख्खं विजापूर खाली, मग छोट्या दारातून आत गॅलरीत. चप्पल काढून आत गेलो, कुणी बोलेना. खाली मुहम्मद आदिलशहाची कबर इवलीशी दिसते. मोठ्याला एका टोकाला भिंतीला कान लावून बसवलं आणि दादा बरोबर समोरच्या टोकाला गेला, मधे सव्वाशे फुटांची पोकळी, आणि तिकडून तो नुसतं पुटपुटला, "तुझं गणिताचं पुस्तक कुठंय". पोरगं दचकून मागं वळलं, त्याला वाटलं बाबा मागंच उभाय. मग धाकटीनं एकदा टाळी वाजवली, ती सात-आठ वेळा परत आली, मोजली तिनं.

हा घुमट १६५६ च्या सुमाराचा, बाहेरून व्यास जवळजवळ ४४ मीटर, आणि आत एकही खांब नाही. एवढं वजन पेललंय कशानं हे मोठ्यानं विचारलं. खाली येऊन वर बघितलं की दिसतं, आठ कमानी एकमेकींना छेदतात, त्यांच्या छेदण्यातून चौकोनाचा आधी अष्टकोन होतो, त्यावर गोल कडं बसतं आणि घुमटाचा भार त्या कमानी आतल्या बाजूला ओढून धरतात. यांनी (आमच्या इंजिनियरांनी) वहीच्या पानावर काढून दाखवलं. तो कागद पोरानं जपून ठेवलाय.

दहाला म्युझियम उघडतं, समोरच्या नगारखान्यातच आहे, शनिवार म्हणून उघडं होतं. आईला तिथली वीरगळांची आणि शिलालेखांची खोली आवडली. नंतर टांगा केला, पोरांच्या हट्टानं, आणि बरंच झालं, जुन्या गावात गाडी लावायची कटकट वाचली. मलिक-ए-मैदान तोफ बघितली, ५५ टनांची, १५४९ ला अहमदनगरला ओतलेली, मग परांड्याच्या किल्ल्यावर आणि तिथून विजापुरात. तोंड सिंहाचं आणि सिंहाच्या जबड्यात हत्ती. एवढी मोठी तोफ बैलांनी आणि हत्तींनी ओढत आमच्याच मुलखातून नेली असणार, त्या रस्त्यानंच आपण आलो असू कदाचित, असं दादा म्हणाला आणि आम्ही सगळेच गप्प झालो.

जेवण खानावळीत. जोळद रोटी म्हणजे आपली ज्वारीची भाकरीच पण कागदासारखी पातळ, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, मोड आलेल्या मटकीची उसळ, पचडी, दही, आणि शेंगाचटणी तीच. आमच्याकडं आणि त्यांच्याकडं चटणीवरून कधी भांडण होणार नाही. वाढणाऱ्या बाई कन्नडमधून "अजून घ्या" म्हणत होत्या, आई मराठीतून "पोट भरलं" म्हणत होती, दोघींना एकमेकींचं पूर्ण कळत होतं.

जेवून इब्राहिम रोजा. मला विचाराल तर विजापुरात वेळ थोडाच असेल तर गोल घुमट सकाळी आणि इब्राहिम रोजा दुपारी तीननंतर, बाकी राहिलं तरी चालेल. गोल घुमट छाती दडपून टाकतो, पण इथं बसावंसं वाटतं. दगडी जाळ्यांमध्ये अक्षरं कोरलीयत आणि त्यातून ऊन आत येतं. दुसरा इब्राहिम आदिलशहा गाण्यावर जीव टाकणारा, सरस्वतीला मानणारा सुलतान, त्याच्या कबरीवर असलंच काहीतरी नाजूक हवं होतं. आम्ही तासभर नुसते बसलो.

आणि इथंच आमचा नियम आम्हीच मोडायला निघालो. परतीच्या वाटेवर हत्तरसंग-कुडल आहे, दिशा तीच, मग करून टाकू असं ठरलं, पण विजापुरातून निघायलाच पावणेपाच झाले. भीमेपर्यंत येतायेताच दिवस बुडाला. मंदिर अंधारात बघून काय करणार, सरळ घरी चला म्हटलं. आणि पुढच्या वीस किलोमीटरात तीन वेळा उसाची बिनदिव्याची ट्रॉली अचानक समोर आली, तिसऱ्या वेळी दादानं ब्रेक इतका जोरात मारला की धाकटीचा डबा पुढच्या सीटवर. काही झालं नाही, पण घरी येऊन वहिनीचे हात अर्धा तास थरथरत होते. दिशा एक असली तरी दोन मोठ्या गोष्टी एका दिवसात बसत नाहीत, हिवाळ्यात तर नाहीच.

दिवस तिसरा, रविवार : कुडल संगम

म्हणून रविवार अर्धा ठेवला आणि फक्त कुडल. साधारण चाळीस किलोमीटर, विजापूर रोडनं जाऊन आत वळायचं, आतला रस्ता काही ठिकाणी खराब आहे, गाडी सावकाश. दहा वाजता पोचलो तर आमच्याशिवाय एक गुराखी आणि त्याच्या शेळ्या.

सीना इथं भीमेला मिळते. दोन देवळं आहेत, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर. संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर मराठी शिलालेख आहे, शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या कोरीव वाक्यांपैकी एक. शेवटी लिहिलंय, "वाछि तो विजेया होईवा". जो वाचेल तो विजयी होईल. मान वर करून, मोबाईलचा टॉर्च मारून मी तो पोरांना दाखवला, आणि अक्षरं आपली नेहमीची नाहीत तरी शब्द कळतात, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा मोठा म्हणाला, "आत्या, म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा माणूस आपल्याशी मराठीत बोलतोय". मला त्यावर काही बोलताच आलं नाही. या एका क्षणासाठी सगळी ट्रिप केली असती तरी चाललं असतं.

हरिहरेश्वराच्या देवळात १९९९ च्या उत्खननात बहुमुखी शिवलिंग सापडलं, त्याच्यावर ३५९ मुखं कोरलेली. धाकटी मोजायला बसली, साठपर्यंत मोजून कंटाळली. प्रत्येक चेहरा वेगळा दिसतो, उजेड जसा फिरतो तसा. आई तिथं खांबाला टेकून बराच वेळ बसली होती, पुजारी नाही, रांग नाही, घंटा नाही. म्हणाली, मला असलंच दर्शन आवडतं.

घाटावर डबा उघडला. कडक भाकरी, दही, खारातली मिरची, गूळ-शेंगा. तिथं हॉटेल वगैरे काही नाही, पाणी आणि खाणं घरून न्यायचं आणि कचरा परत आणायचा, ही हात जोडून विनंती. दोनला घरी येऊन सगळे झोपले. असा अर्धा दिवस मधे हवाच, नाहीतर चौथ्या दिवशी पोरं चिडचिड करतात आणि मग कुठलंच काही बघवत नाही.

दिवस चौथा, सोमवार : तुळजापूर आणि नळदुर्ग

हा त्रिकोण आहे. सोलापूरहून उत्तरेला तुळजापूर पंचेचाळीस, तिथून आग्नेयेला नळदुर्ग पस्तीसच्या आसपास, आणि नळदुर्गहून हैदराबाद रोडनं घरी पन्नास. एकच रस्ता दोनदा करावा लागत नाही.

सोमवार मुद्दाम, मंगळवारची गर्दी नको म्हणून. पण शाकंभरी नवरात्र आदल्याच दिवशी बसलं होतं, तेव्हा गर्दी होतीच, हे मी धरलं होतं त्यापेक्षा जास्त. घाट चढून वर गेलो तर पार्किंगपासूनच रांग. महाद्वारातून आत गेल्यावर पायऱ्या उतरत देवीकडं जायचं असतं, आईला उतरताना त्रास होतो म्हणून तिला हाताला धरून हळूहळू, कल्लोळ तीर्थावर पाय धुतले, गोमुखाचं पाणी डोळ्याला लावलं. तीन तास लागले दर्शनाला. रांगेत आमच्या पुढं परभणीकडचं एक कुटुंब होतं, नवीन जोडपं, गळ्यात कवड्यांची माळ, आजी संबळाच्या तालावर आपोआप डोलत होती. त्या तीन तासांबद्दल माझी तक्रार नाही. देवीचं रूप समोर आलं तेव्हा आईच्या डोळ्यांना पाणी आलं आणि दादाच्याही, तो दहा वर्षांनी आला होता आणि ही आमची कुलदेवी. चिंतामणी दगडावर हात ठेवून पोरांनी मनात प्रश्न विचारला, उजवीकडं फिरला तर हो, डावीकडं फिरला तर नाही असं मानतात, काय विचारलं ते सांगितलं नाही.

पण यानं नळदुर्गला पोचायला अडीच झाले. पुढच्या वेळी शाकंभरीत येणार असेन तर तुळजापूर एकटंच ठेवीन.

नळदुर्ग बघायला माणसं पावसाळ्यात जातात, नर-मादी धबधब्यासाठी. बोरी नदीला किल्ल्यातच बांध घातलाय, पलीकडं रणमंडळ हा त्याचा जोडकिल्ला, आणि त्या बांधाच्या पोटात पाणी महाल. इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ चा. पावसाळ्यात बांधावरून दोन धारा कोसळतात आणि आत खोलीत बसलेल्या माणसावर थेंबही येत नाही, समोर पाण्याचा पडदा. आम्ही गेलो तेव्हा धबधबा नव्हता, पाणी शांत, हिरवट. वहिनी थोडी खट्टू झाली पण मी सांगते, हिवाळ्यातच पाणी महाल नीट बघता येतो. बांधाच्या आतून जिना उतरून जाता येतं, सज्जात उभं राहता येतं, दगड कसे बसवलेत, पाणी जायला वाट कशी ठेवलीय ते दिसतं, गर्दीत आणि तुषारात यातलं काही दिसत नाही. शनिवारी गोल घुमट बघितला होता तो या इब्राहिमच्या मुलाचा, आणि इब्राहिम रोजा याचा स्वतःचा. मोठ्यानं हे स्वतःहून जुळवलं. उपली बुरूज पण दोन्हीकडं, नाव तेच. नळदुर्गच्या बुरुजावर पोरं दादाबरोबर चढली, वर तोफा आहेत, खालून आम्ही हात हलवला.

साडेपाचला निघालो आणि हैदराबाद रोडवर उजेड असेतोवर बरंच अंतर कापलं. अणदूर रस्त्यातच लागतं, तिथल्या खंडोबाला गाडीतूनच नमस्कार. हा खंडोबा वर्षातला काही काळ अणदूरला आणि काही काळ नळदुर्गजवळ मैलारपूरला राहतो, दोन्ही गावं त्याला पाहुण्यासारखी नेतात-आणतात.

दिवस पाचवा, मंगळवार : माचणूर, मंगळवेढा आणि हुरडा

मूळ प्लॅनमध्ये पंढरपूर होतं. पण पौषातली पुत्रदा एकादशी आडवी आली, आदल्या दिवसापासूनच वारकऱ्यांची वाहनं वाढतात, आईला त्या रेट्यात न्यायची हिंमत झाली नाही. तिला म्हटलं, फेब्रुवारीत साध्या दिवशी तुला एकटीला नेते. म्हणाली, "विठोबा कुठं जातोय".

मंगळवेढ्याच्या वाटेवर माचणूर, भीमेच्या काठी सिद्धेश्वराचं देऊळ, मोठा घाट, नदीपात्रात जटाशंकराचं छोटं देऊळ. शेजारी किल्ल्याच्या भिंती. औरंगजेब १६९५ ते १६९९ अशी जवळजवळ चार वर्षं इथं ब्रह्मपुरीला छावणी करून बसला होता, मराठे हाती लागेनात आणि दिल्लीला जाता येईना. आज त्या तटावर बाभळी आणि मोर.

मंगळवेढ्यात दामाजीपंतांचं देऊळ. दुष्काळात बिदरच्या बादशहाचं धान्याचं कोठार लोकांना खुलं करणारा अधिकारी. मला फार आदर वाटतो या माणसाचा, आपली नोकरी आणि मान दोन्ही पणाला लावली त्यानं. याच गावात चोखोबा गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले, आणि त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वाराशी, नामदेव पायरीसमोर. पोरांना विचारलं, जिवंतपणी आत जाऊ दिलं नाही त्याला, माहितीय? धाकटी म्हणाली, "का?" सोपं उत्तर नव्हतं, पण जे खरं ते सांगितलं.

आणि मग हुरडा. ओळखीच्यांचं रान आहे, काळी भुई, पाणी न देता येणारी मालदांडी ज्वारी, नुसत्या ओलीवर आणि थंडीवर पिकते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय मिळालाय २०१६ ला. हुरड्यासाठी मात्र वेगळ्या जातीची चार ओळी लावतात, गूळभेंडी वगैरे, दाणा गोड आणि सहज सुटणारा. खड्डा करून आगटी पेटवली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणसं खुपसली, मग काकांनी गरम कणीस हातावर चोळून दाणे समोर टाकले, हिरवे, वाफाळते. शेंगाचटणी, लसणाची चटणी, दही, गूळ, बोरं, पेरू, ऊस. ठाण्याची पोरं पहिल्यांदा खात होती. काकांना हात भाजत नाहीत का म्हणून धाकटीनं त्यांचे तळवे उघडून बघितले. ते म्हणाले, "चाळीस वर्षांचे घट्टे आहेत बाळ". दुपारभर तिथंच, गोधडीवर. वहिनी म्हणाली सगळ्यात चांगला दिवस हाच, आणि यात पैसे देऊन बघायचं असं काहीच नव्हतं.

हुरडा खाऊन लगेच पाणी पिऊ नये, वर ताक प्यावं. आईचं ऐका, मोठ्यानं ऐकलं नाही आणि रात्री पोट धरून बसला.

दिवस सहावा, बुधवार : अक्कलकोट, आणि स्टेशन

गुरुवार नको म्हणून बुधवार, पण नवीन वर्षाचा पहिला दिवस स्वामींच्या दारात काढायला आलेली माणसं एकतीसलाच दिसायला लागतात. सहाला निघून सातला वटवृक्षाखाली, दर्शन अर्ध्या तासात झालं. नंतर समाधी मठ, स्वामींनी १८७८ ला देह ठेवला, तिथं शांत वाटतं. अन्नछत्राचा महाप्रसाद घेऊन राजवाड्यातलं शस्त्रागार पोरांसाठी, आणि तीनला घरी. दुपारी चाटी गल्लीत जाऊन चादरी घेतल्या, वहिनीनं चार, दादानं सोसायटीतल्या वॉचमनसाठी एक वेगळी, जाड वीणीची.

नान्नजला जायचं राहिलं, गवताळ माळावरची काळविटं आणि हिवाळ्यात येणारे भोवत्या पक्षी पहाटेच बघायचे असतात. तेरचं त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ राहिलं. उजनीच्या पाण्यावर भिगवणला रोहित पक्षी येतात तेही राहिलं, पण ते इथून एका दिवसात ओढूनताणून करण्यापेक्षा पुण्याला जाताना मधे मुक्काम टाकून करावं.

रात्री साडेनऊला स्टेशनला निघालो तर बाळीवेशीच्या अलीकडं रस्ता थांबलेला. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत सात नंदीध्वज निघतात, त्याच्या सरावाला पोरं उतरली होती. उंच काठी कमरेच्या पट्ट्यात धरून एक जण चालतोय, घामाघूम, बाकीचे दोन्ही बाजूंनी, मागं त्यांचे वडील आणि आजोबा सूचना देतायत. मोठ्यानं काच खाली केली. काठी आमच्या गाडीवरून पुढं सरकली तेव्हा कुणीतरी ओरडलं, "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र", आणि आईनं मागच्या सीटवरून एवढ्या मोठ्यानं "हर्र" म्हटलं की पोरं दचकून हसायला लागली. गाडी चुकायची म्हणून दादा घड्याळ बघत होता. धाकटी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन विचारत होती, "आत्या, हे खरं कधी असतं? संक्रांतीला शाळेला सुट्टी असते का आम्हाला?"